ठकूबायच्या सात म्हशी

गेल्या आठवड्यात रघूचा फोन आला. म्हणाला, "भाऊसाहेब, सातबाऱ्यावरचं आईचं नाव कमी करायचंय." मृत्यूचा दाखला त्याने मोबाइलवर पाठवला होताच. दोन दिवसांनी अर्जही आला. दाखला खरा आहे, वारस एकच आहे, जमीन म्हणजे डोंगरउतारावरचा वरकस तुकडा, हरकत घेणारं कुणी नाही. असल्या नोंदी मी चहा निवेपर्यंत उरकतो. ही मात्र आठ दिवस टेबलावर पडून आहे. रोज सकाळी मी ती काढतो, वाचतो आणि पुन्हा खाली सरकवतो.

रघूची आई म्हणजे ठकूबाय. मुरुडच्या मागच्या डोंगरात, माथ्याच्या थोडं खाली, नऊ-दहा घरांची एक धनगरवाडी आहे. तिथली. वाडीच्या अंगणातून समुद्र दिसतो, पण वाडीतलं कुणी समुद्राकडे बघत बसलेलं मी पाहिलं नाही. त्यांचं लक्ष जनावरांकडे. मी या भागात तलाठी म्हणून आलो तेव्हा ती साठीच्या पुढची असावी. खरं वय तिलाच ठाऊक नव्हतं. आधारकार्डावर एक जानेवारी होती, वाडीतल्या निम्म्या माणसांची असते तशी. आता आमच्या पदाचं नाव बदललं आहे, पण लोक अजून तलाठीच म्हणतात. ती तर सुरुवातीला "भाऊसाहेब" म्हणायची. पुढे त्यातला साहेब तिने काढून टाकला. ते कसं झालं तेच आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू होतं.

एका उन्हाळ्यात वाडीला टँकर मंजूर करायचा होता. त्यासाठी माणसं किती, जनावरं किती, असा तक्ता वर पाठवायचा होता. टँकर वाडीपर्यंत चढणारच नव्हता, तो खालच्या रस्त्यावर उभा राहणार आणि बायका हंडे घेऊन उतरणार. तरी तक्ता हवा होता. मी चढलो. तासभर लागला. माझ्या आधी तिथे कुठला सरकारी माणूस कधी आला होता, हे वाडीत कुणाला आठवेना. कानात बिल्ले मारणारे गुरांचे डॉक्टरसुद्धा पायथ्याच्या गावातूनच परत फिरले होते.

ठकूबाय अंगणात उभी होती. उंच, हाडकुळी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, मनगटात चांदीची झिजलेली कडी. मी विचारलं, "म्हशी किती?"

ती म्हणाली, "कपिली, हरणी, मोरी, तांबू, चांदी, सोनकी, बुटकी."

"किती झाल्या?"

तिने पुन्हा तीच नावं त्याच क्रमाने घेतली. मी बोटांवर मोजली. सात. गोठ्यात डोकावलो तर सहाच.

"एक चरायला गेली का?"

"न्हाय. बुटकी गेली. गेल्या पावसात."

"म्हणजे मेली?"

तिने कानावर हात ठेवला. "असं बोलू न्हाय. गेली म्हनावं."

"मग नाव का घेतलं?"

माझी अक्कल कुठवर आहे ते बघावं तसं तिने माझ्याकडे पाहिलं. मग लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. जित्राब मोजायचं नसतं, मोजलं की त्याला दृष्ट लागते. म्हणून नावं घ्यायची. आणि एखादी गेली म्हणून तिचं नाव टाकायचं नसतं. पुढे जी पारडी जन्मेल तिला ते नाव द्यायचं. तोवर ते नाव ओळीत आपल्या जागी उभं राहतं.

"नाव कुठं जातंय?" ती म्हणाली. "म्हस जाती."

मी तक्त्यात सहा लिहिले. मग तिने पाणी दिलं. पितळेच्या तांब्यातलं, खालून डोक्यावर आणलेलं पाणी. मी ते पूर्ण प्यायलो, तसं तिला बरं वाटलेलं दिसलं. "घरचं पानी प्यायलास," ती म्हणाली, "आता साहेब कशाला? भाऊच म्हनते." तेव्हापासून मी तिचा भाऊ झालो आणि तिच्या बोलण्यात 'तुम्ही'चा 'तू' झाला. माझ्यापेक्षा ती पंचवीस वर्षांनी तरी मोठी होती.

पुढच्या वर्षी हरणीला पारडी झाली. ठकूबाय मुद्दाम चावडीत आली आणि दारातूनच ओरडली, "भाऊ, बुटकी आली रं! लिव!" चावडीत बसलेल्यांना वाटलं कुणी पाहुणी आली. मी तक्ता काढून सहाचे सात केले. खाली सही केली, तारीख घातली. त्या दिवशी मला फार समाधान वाटलं होतं. आपण एखाद्याला ओळखून काम करतो आहोत, असं काहीतरी.

ती रोज पहाटे दूध घेऊन उतरायची. मुरुडमध्ये दोन-तीन लहान लॉज, एक चहाची टपरी आणि मशिदीमागची चार-पाच घरं, एवढी तिची गिऱ्हाइकं. डोक्यावर किटली, कमरेला ताकाचं मडकं. चालताना दोन्ही हात मोकळे. परतताना किटलीत कधी पाव, कधी बटाटे. एका मे महिन्यात लॉजवाल्याने तिला अडवलं. पर्यटकांची गर्दी होती, दूध जास्त हवं होतं, आणि आलेलं त्याला पातळ वाटत होतं.

"आजी, पाणी घालतेस का गं दुधात?"

"घालते की," ती म्हणाली. "पानी आनायला एक हंडा खाली उतरायचा, एक चढायचा. मंग ते दुधात घालून परत खाली आनायचं. तुझ्या दुधापरीस पानीच म्हाग पडंल. तू पान्याचं देतोस का पैसं?"

लॉजवाला हसला. पुन्हा त्याने कधी विचारलं नाही. पण जास्त दूधही तिने दिलं नाही. प्रत्येक म्हशीचा एक सड ती पिळायचीच नाही. तो पारडाचा. लॉजवाला वाढीव दर द्यायला तयार होता, रघूही म्हणाला होता की आई, गर्दीचे दोन महिनेच तर आहेत. ती म्हणाली, "पारडाला सांगू का, दोन म्हैनं थांब?"

रघू तिचा एकुलता एक. कळंबोलीला ट्रेलर चालवायचा, तिथेच एक खोली घेऊन बायकामुलांसह राहायचा. आईने डोंगर सोडून आपल्याकडे यावं हा त्याचा धोशा होता, आणि तोही वाईट मनाने नव्हता. वाडीतली तरुण माणसं सगळीच उतरली होती. मी एकदा तिला म्हणालो, "जात का नाहीस? इथे रोजचा हा डोंगर." ती म्हणाली, "डोंगराचं काय? मी रोज उतरते, रोज चढते. वाट तीच हाय. तुम्हा लोकांस्नी ती चढतानाच दिसती."

मग ते वादळ आलं.

त्याचं वर्णन मी करत नाही. किनाऱ्यावरच्या प्रत्येकाकडे ते आहे. दुसऱ्या दिवशी रस्ते झाडांखाली होते, विजेचे खांब आडवे, फोन बंद. नारळ-सुपारीच्या बागा झोपलेल्या. पायथ्याच्या गावात देवळाच्या सभामंडपात माणसं जमली होती आणि सगळी एकदम बोलत होती. नुकसानीचे पंचनामे करायचे, यादी वर पाठवायची आणि मग सरकारची मदत खात्यात जमा व्हायची, ही पद्धत सगळ्यांना माहीत होती. मी मोठ्या आवाजात सांगितलं, "मेलेली जनावरं मी येईपर्यंत पुरू नका. फोटो लागतो. फोटोशिवाय मदत मिळत नाही." पोलीस पाटलांना सांगितलं, हा निरोप वाड्यांवर पोचवा. त्यांनी पोचवला. वरच्या धनगरवाडीतही पोचवला.

आणि मी घरी गेलो. माझं घर तिथून तालुका ओलांडून पलीकडे. आई आणि बायको दोघीच होत्या, फोन लागत नव्हता. चालत, कुणाच्या मोटारसायकलवर, पुन्हा चालत असा पोचलो. पत्रे उडाले होते, आईच्या खोलीत गुडघाभर पाणी. एका दिवसात परत येईन म्हणून गेलो होतो, आठवडा राहिलो. यात मला गुन्हा वाटत नाही. कुणीही गेलं असतं. गुन्हा पुढचा आहे.

परत आलो तेव्हा पंचनामे पाठवायची मुदत संपत आली होती. तीन दिवस मी उन्हातान्हात, चिखलात फिरलो. घरं, बागा, होड्या. वरची वाडी राहिली. पाय उचलत नव्हते. वाडीतून कुणी काही कळवलेलं नव्हतं, तेव्हा फारसं काही झालं नसेल असं मी धरलं. सभामंडपात बसून मी वाडीचा पंचनामा लिहिला. तारीख घातली वादळानंतरच्या तिसऱ्या दिवसाची, कारण उशीर दिसायला नको होता. लिहिलं, 'समक्ष स्थळपाहणी केली. गोठ्यांचे अंशतः नुकसान. मृत जनावर आढळून आले नाही.' दोन पंचांनी न वाचता सह्या केल्या. ते मला ओळखत होते.

गठ्ठा तालुक्याला गेला आणि दुसऱ्या सकाळी ठकूबाय चावडीच्या दारात उभी.

"आलास व्हय भाऊ? घर उभं हाय ना तुझं?"

"पत्रे गेले."

"आई?"

"बरी आहे."

"मंग झालं." ती उंबऱ्यावर बसली. खुर्चीवर ती कधीच बसत नसे. "माझ्या म्हशी गेल्या रं. ऐनाचं झाड पडलं गोठ्यावर. मोरी, चांदी आनि बुटकी. बुटकी तर दोघींच्या मधी बांधलेली."

मी टेबलावरचे कागद सारखे केले.

"तुझा निरोप आला, पुरू नका म्हनून. चार दिस ठेवल्या. वर झाडपाल्याचा टाळ टाकला, कावळं-कुत्री हाकलत बसले. खाली कुनाला धाडावं तर तू गावात न्हाय म्हनले. पाचव्या दिवशी वास कुनाला सोसंना, मानसं वकायला लागली. मंग पुरल्या." तिने माझ्याकडे पाहिलं. "चुकलं का काय माझं?"

"नाही. चुकलं नाही."

"मंग फोटूचं कसं?"

"बघतो," मी म्हणालो.

'बघतो' हा शब्द मी नोकरीत किती वेळा वापरला असेल! त्या वेळी मनात हिशेब चालला होता तो असा. गठ्ठा परत मागवून पंचनामा दुरुस्त करायचा तर आधीचा खोटा होता हे लिहून द्यावं लागेल. तिसऱ्या दिवशी मी तिथे नव्हतो, तालुक्यातच नव्हतो. निलंबन झालं असतं. मुलीचा कॉलेजचा प्रवेश तोंडावर होता, घरावर पत्रे घालायचे होते. आणि माझ्या कागदावरच्या त्या तिसऱ्या दिवशी ती वर तीन म्हशींपाशी बसली होती, मी येणार म्हणून.

याद्या लागल्या. ठकूबायच्या नावापुढे फक्त गोठ्याचं अंशतः नुकसान. रघूने वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, लिहिणाऱ्याकडून राहिलं असेल, भाऊला सांगू. मी म्हणालो, अर्ज करा. रघूने अर्ज केला. दिवाळीनंतर तालुक्याला सुनावणी लागली.

आदल्या दिवशी ती ताक घेऊन चावडीत आली होती. तिने सगळं ठरवलं होतं. "सरकारचं आलं तर एक दुभती घेईन. बाकीच्यांत कपिली आनि सोनकी भाकड हायत, त्यांच्यावर न्हाय चालत. एक आली तर निभंल. न्हाय आलं तर रघू नेतो मला. म्या कबूल केलंय त्याला." मग हसून म्हणाली, "पन तू हाईस की उद्या."

मी होतो. सुनावणी घेणारे अधिकारी माणूस म्हणून वाईट नव्हते. सकाळपासून चाळीसेक अर्ज ऐकून थकले होते. टेबलावर माझा पंचनामा होता आणि टँकरच्या वेळचा माझाच तक्ता. रघूची ट्रिप लागली होती, त्यामुळे ती एकटीच आली होती. कडी लख्ख घासलेली, लुगडं धुतलेलं.

"म्हशी किती होत्या, आजी?"

तिने माझ्याकडे बोट केलं. "भाऊला म्हायती हाय. त्यानं लिवल्यात."

"सात, साहेब," मी म्हणालो.

"बरं. आता किती आहेत?"

ठकूबायने पदर सारखा केला. सरकारी माणसापुढे नीट बोलावं म्हणून जरा सावरून उभी राहिली, आणि म्हणाली, "कपिली, हरणी, मोरी, तांबू, चांदी, सोनकी, बुटकी."

बाजूच्या कारकुनाने बोटं दुमडत मोजली. "सात, साहेब."

"सात होत्या, सात आहेत," अधिकारी म्हणाले. "मग गेलं काय, आजी?"

मागे रांगेत कुणीतरी हसलं.

"मोरी गेली. चांदी गेली. बुटकी गेली."

"अहो, आत्ता तर त्यांची नावं घेतलीत!"

"नाव घेतलं," ती म्हणाली. "नाव कुठं जातंय?"

आता सगळेच हसले. ती गोंधळली. पहिल्यांदाच मी तिला गोंधळलेली पाहत होतो. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत होतं की त्या खोलीत हे एकट्या मलाच समजतं. मीच एकदा तिच्या अंगणात हाच प्रश्न विचारला होता आणि तिने मला शिकवलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. साहेब, यांच्यात गेलेल्या जनावराचं नाव टाकत नाहीत. बस.

पण त्या वाक्यानंतर दुसरं वाक्य आलं असतं. मग तुम्ही वर गेलात तेव्हा काय पाहिलंत?

अधिकाऱ्यांनी विचारलंच, "भाऊसाहेब, काय प्रकार आहे?"

मी म्हणालो, "पंचनाम्यात आहे तेच, साहेब."

त्यांनी मान हलवली, कागदावर काही लिहिलं आणि पुढचं नाव पुकारलं गेलं.

जिन्यात ती माझ्यापुढे होती. कठड्याला धरून उतरत होती. रोज डोंगर उतरणाऱ्या बाईला मी कधी कशाला धरून उतरताना पाहिलं नव्हतं. खालच्या पायरीवर थांबून ती म्हणाली, "माझंच चुकलं रं भाऊ. सायबापुढं आकडा सांगायचा हुता. तोंडाला सवय न्हाय." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून, "तुला घाम सुटलाय. सावलीत बस जरा."

मी तिला एस.टी.त बसवून दिलं. तिकिटाचे पैसे देऊ केले, तिने घेतले नाहीत. कमरेच्या पिशवीतून मोजून कंडक्टरला दिले. पैसे ती मोजायची. ते मोजायला तिची ना नव्हती.

त्यानंतर मी दुरुस्तीचा अहवाल लिहिला, हे खरं आहे. सगळं लिहिलं होतं त्यात, तारखेसकट. तो माझ्या पिशवीत हिवाळाभर फिरला. तालुक्याला जायचो तेव्हा बरोबर असायचा, यायचो तेव्हाही असायचा. या काळात ती दूध घेऊन उतरायची, आधीपेक्षा कमी. किटली लहान झाली होती. मला भेटली की "भाऊ" म्हणून हाक मारायची आणि मी घाईत असल्याचं दाखवायचो.

उन्हाळा लागला तेव्हा एका सकाळी मी ठरवलं. आधी तिला सांगायचं, तिच्यासमोर बसून, वर जाऊन. मग तिचा जबाब घ्यायचा, अंगठा घ्यायचा, आणि अहवाल द्यायचा. जे व्हायचं ते होईल. पिशवी घेऊन निघालो. पण वर चढावं लागलंच नाही.

पायथ्याला, टँकर उभा राहायचा त्या जागी, एक टेम्पो उभा होता. तळा गावचा एक व्यापारी फळकूट लावून जनावरं चढवायची तयारी करत होता. रघू घामाघूम होऊन दोर सोडत होता. मला बघून म्हणाला, "भाऊसाहेब, आईला नेतोय आज. बरं झालं भेटलात." बाजूला एक ट्रंक, एक गाठोडं आणि तो पितळेचा तांब्या. ठकूबाय म्हशींच्या तोंडाशी उभी होती. एकीच्या कपाळावर तिचा तळहात होता.

मी पिशवीत हात घातला. कागद हाताला लागला. आता द्यायचा तरी कशासाठी, हे मला कळेना. म्हशी टेम्पोच्या तोंडाशी होत्या. तसाच उभा राहिलो.

व्यापारी घाईत होता. टेम्पोच्या मागून ओरडला, "आजी, एकून किती हायत गं?"

ठकूबायने एकेकीवरून नजर फिरवली. मला वाटलं आता नावं सुरू होणार. मी मनातल्या मनात 'कपिली' म्हणूनही टाकलं. मग तिची नजर माझ्यावर आली आणि थोडा वेळ तिथेच राहिली. रागाची नव्हती. परीक्षेत एकदा चुकलेलं उत्तर या वेळी तरी नीट द्यायचं, अशी होती.

"चार," ती म्हणाली.